दोन बोटांची जागा

आई, काल दुपारी बाबांनी माझा दात पाडला. वरचा, अगदी समोरचा. तुझाच तो पाण्याचा पितळी गडवा, काठाला पोचा पडलेला, तो त्यांनी उचलला आणि माझ्या तोंडावर हाणला. दात ताटात पडला, भाकरीच्या बाजूला. आपलेच दात अन् आपलेच ओठ, म्हणून माणसानं गप्प बसायचं असतं म्हणतात. माझ्याकडचा त्यातला एक ऐवज आता कमी झाला. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला डोळे मिटून बसावं लागतं, आणि मेलेल्या आईला पत्र लिहिणारी बाई म्हणून उद्या मीच डोकं हरवलेल्या बाबांच्या रांगेत बसायची. पण काल तुझ्यासाठी एक निरोप आला. तो पोचवणारं माझ्याशिवाय कोणी नाही. आधी तो कोणत्या वाटेनं आला ते ऐक, नाहीतर तू विश्वास ठेवणार नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही ठेवला नसता.

बाबा आता आमच्याकडे असतात, हिंगणघाटला. तू गेल्यावर ते गावी एकटेच राहिले, वावर बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलं, हातानं भाकर थापायला शिकले, आणि मला वाटलं, म्हातारा आपलं आपण निभावून नेईल. मग एक दिवस ते जाम गावच्या चौकात सापडले. कोणत्या बसमध्ये बसले देव जाणे. हायवेच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकवाल्यांना विचारत होते, "माही जोडी पाह्यली का बापा? एक पांढरा अन् एक कबरा." ती बैलजोडी मी कॉलेजात होते तेव्हाच विकली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, स्मृतिभ्रंश आहे म्हणाल्या, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन समजावलं की मारतात ते तुमचे वडील नाहीत, तो आजार आहे, मनावर घेऊ नका. मनावर मी घेतच नाही, अंगावर घेते. घरातले चाकू, विळी, कात्री सगळं कुलपात आहे. कांदा चिरायचा तर आधी किल्ली शोधायची. मी शाळेतली नोकरी सोडली. तुझ्या जावयाचा चष्मा दोनदा फुटला, तेव्हापासून तो बाबांजवळ जाताना चष्मा काढून खिशात ठेवतो आणि मग त्याला काही दिसत नाही. आमच्या घरातून आवाज यायला लागला की शेजारीण टीव्ही मोठा करते. मला तिचा राग येतो आणि तिचे उपकारही वाटतात.

पण मारणं नंतरचं. आधी प्रश्न आला तो खाण्याचा. तुला आठवतं ना, बाबांनी आमच्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचा घोट घ्यायचा नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. सगळ्यांच्या लेकींना वर्षा-दोन वर्षांत मूल होतं आणि रीत आपोआप सुटते. मला झालं नाही, त्यामुळे माझ्या घरचं अन्न त्यांच्यासाठी जन्मभर बंद राहिलं. दर हिवाळ्यात यायचे, हरभऱ्याची डाहळ नाहीतर तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. पायरीवर बसायचे, पिशवीतून आपल्या पाण्याची बाटली काढायचे, दोन घोट प्यायचे. मी चहा आणला की हात जोडायचे आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन चहा पिऊन परत येऊन बसायचे. मला भयंकर अपमान वाटायचा. पण डोक्यावर हात ठेवून "सुखी राह्य पोरी" म्हणायचे तेव्हा त्या हातात इतकी माया असायची की मी पिशवीतल्या शेंगा सोलत निमूट बसायचे. आता बघ, या माणसाला स्वतःचं गाव आठवत नाही, संडास कुठं आहे ते आठवत नाही, माझं लग्न कोणत्या गावी झालं ते आठवत नाही, पण लेकीच्या घरचं खायचं नाही हे पक्कं आठवतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. मी ताट वाढलं की हात जोडत. "नाई पोरी. पाप लागते." घास तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटत, लहान मुलासारखे. टपरीवरून आणलाय म्हणून चहा पाजायचो, त्यात बिस्किट बुडवून द्यायचो, तेवढ्यावर ते जगत होते. गालफडं बसली. मांडीचं कातडं लोंबायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि नळी ते उपसून काढणार हे त्यांनाही दिसत होतं.

मग एकदा मी तुझी पेटी उन्हात उघडली. तुझं हिरवं लुगडं वरच होतं. धुळीनं शिंका येत होत्या म्हणून ते डोक्यावरून घेतलं आणि तशीच स्वयंपाकघरात खाली चुलीपुढं बसून तव्यावरची भाकर उलटायला लागले. बाबा दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, पाट ओढला, मांडी घालून बसले आणि म्हणाले, "वाढ न व. आतापासून काय पाहून राह्यली?" आई, त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. आंबाडीची भाजी मागून घेतली. मी पदर डोळ्यांवर ओढून रडत होते, कारण इतक्या दिवसांनी त्यांच्या घशाखाली अन्न उतरत होतं. मग त्यांनी ठेच्याला बोट लावलं, चाखलं, आणि माझ्या दंडावर बुक्की मारली. तीन-चारदा, एकाच जागी. "मीठ कोण टाकन, तुहा बाप?" उठले, हात धुतले, बाजेवर जाऊन निजले.

तेव्हापासून आमच्या घरात हाच सौदा आहे. पंजाबी ड्रेस घातला की मी लेक, आणि माझे वडील गरीब गायीसारखे हात जोडून उपाशी बसतात. तुझं लुगडं नेसलं की मी तू, आणि ते पोटभर जेवतात आणि मला मारतात. उपाशी बाप हवा की जेवलेला नवरा, ते दर जेवणाला मी ठरवायचं. पेल्यानं मारलं आहे, उलथन्यानं मारलं आहे, केस धरून डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं आहे. एकदा मीही उलट ढकलून दिलं. भिंतीवर आदळले आणि तिथंच बसून राहिले, आणि मला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि मग मी मोरीत जाऊन उलटी केली. तुझा जावई वैतागला आहे. "तू त्यायची बायको काऊन होऊन राह्यली व? मरशील एखाद दिवस," म्हणतो. मी म्हटलं, मग उद्यापासून लुगडं तुम्ही नेसा. तो हसला नाही. चष्मा पुसत बसला.

एक गोष्ट मला लुगड्यात शिरल्यावरच कळली. बाबा बहुतेक दंडावर मारतात, खांद्याच्या जरा खाली. अंधारातही त्यांचा हात तिथंच पडतो. आजाराला माझा दंड कसा ठाऊक? तू भर उन्हाळ्यात, वैशाखातसुद्धा, कोपरापर्यंत बाह्यांची चोळी घालायचीस. आम्ही तुला हसायचो. आता माझे सगळे ब्लाउज मी त्याच मापाचे शिवून घेतले आहेत.

मला वाटायचं, त्यांनी तुला एकदाच मारलं. ते एकदाचं मात्र मी विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. आजीला जे झालं होतं त्याला तेव्हा आजाराचं नाव नव्हतं; बुडीले, म्हातारीले, चळ लागला, एवढंच म्हणायचे. ती तुला चोरटी म्हणायची. गरम वरणाचं भांडं तुझ्या पायावर ओतायची. तुझ्या मनगटाला तिनं घेतलेला चावा मी पाहिला आहे, तू "आं" सुद्धा न करता दुसऱ्या हातानं तिचं नाक दाबलंस, तिचं तोंड उघडलं आणि तू मनगट काढून घेतलंस. तिचा एकच ध्यास होता, मागच्या अंगणातली विहीर. कोणीतरी आतून हाक मारतं म्हणायची आणि काठावर ओणवी व्हायची. म्हणून वावरात जाताना तू तिला बांधून जायचीस. जुन्या लुगड्याची पट्टी, एक टोक तिच्या घोट्याला, दुसरं बाजेच्या पायाला. आधी घोट्याला मऊ चिंधी गुंडाळायचीस, मग गाठ मारायचीस, आणि गाठीच्या आत स्वतःची दोन बोटं घालून गोल फिरवून पाहायचीस. बैलाच्या गळ्यात दावं बांधताना बाबा हेच करायचे. दोन बोटं गेली पाहिजेत, नाहीतर जनावराचं कातडं सोलतं. आजी बाजेवर बसून पट्टीशी खेळत राहायची. जवळ पाण्याचा गडवा, भाकरीचा तुकडा. घोट्यावर कधी लाल रेघ उठली नाही.

मग आत्या माहेरपणाला आली. तिनं पट्टी पाहिली आणि अंगणात येऊन ऊर बडवला, "माह्या मायले ढोरासारखी बांधून ठेवली व या बाईनं!" गल्ली गोळा झाली. बाबा वावरातून येत होते, हातात बैल हाकायची तुतारी, टोकाला लोखंडी आर ठोकलेली ती काठी. आत्यानं त्यांचा हात धरून आत नेलं, बाज दाखवली. ते बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी तुला मारलं. काठी उलटी धरून मारलं, मग सुलटी धरून. तुझ्या पाठीवर आरेचे टोचे उमटले, चोळी ठिपक्याठिपक्यांनी लाल होत गेली. कोणी पुढं आलं नाही. तू खाली बसलीस, डोकं गुडघ्यांत घातलंस, आणि एकदाही ओरडली नाहीस. त्याच संध्याकाळी तू चुलीपुढं होतीस. मी रडत होते तर माझ्यावरच डाफरलीस, "रडू नोको. ताट घे अन् तुह्या बापाले वाढ. भूक लागली असन त्याले." मला तुझा इतका राग आला होता आई. अजूनही येतो.

तू पट्टी बांधणं बंद केलंस. कापूस फुटला होता, वेचायला मजूर मिळत नव्हते, बाबा तुला वावरात घेऊन गेले, आणि आजी विहिरीत सापडली. तिरडीपाशी आत्या ओरडली की सुनेनंच ढकललं, बांधता नाही आलं म्हणून ढकललं. गावानं ते उचललं. हळदीकुंकवाला तुला बोलावणं येईना. पाणवठ्यावर बाया तुझ्या घागरीपासून आपली घागर लांब ठेवायच्या. आणि त्या वेळी तू कुठं होतीस ते एका माणसाला पक्कं माहीत होतं. तू त्याच्याच शेजारच्या ओळीत ओटी बांधून कापूस वेचत होतीस. त्यानं तोंड उघडलं असतं तर विषय तिथंच संपला असता. बाबा तिरडीला खांदा देऊन निघून गेले आणि पुढं तू मरेपर्यंत, आणि तू मेल्यावरही, त्या गोष्टीवर एक शब्द बोलले नाहीत. तू मेलीस तेव्हासुद्धा मागं दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या, हिनंच सासू लोटलती. मी ऐकलं.

म्हणून आई, बाबांना मी माझ्याकडे आणलं ते केवळ लेकीचं कर्तव्य म्हणून नाही. लोक मला श्रावणबाळ म्हणतात, त्यांना म्हणू दे. मला त्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. रोज थोडं थोडं पुसलं जाणारं ते डोकं, त्यातून ते वाक्य पुसलं जायच्या आत मला ते काढून घ्यायचं होतं. लेक म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी हात जोडले. म्हणून काल तू होऊन विचारलं. भाकरी वाढली, पदर नीट ओढला, समोर बसले आणि म्हटलं, "बुडी इहिरीत पडली तवा मी कुठी होती जी? सांगा न."

त्यांचा घास थांबला. मग गडवा आला. डोक्यात एकदम पांढरं झालं, मी आडवी झाले, ते माझ्या अंगावर आले आणि गुडघा छातीवर रोवून त्यांनी दुसऱ्यांदा गडवा उचलला. ऐंशी पार केलेल्या, बिस्किटांवर जगलेल्या माणसाच्या अंगात इतकं बळ कुठून येतं? मला खरंच वाटलं, आज मी मरते. मी हात वर केला नाही. तू केला नव्हतास म्हणून नाही, माझा हात त्यांच्या पायाखाली होता म्हणून.

गडवा खाली आला नाही. त्यांना लुगड्यावरचं रक्त दिसलं. हिरव्यावर लाल, पदरापासून पोटापर्यंत. ते बाजूला झाले, भिंतीला टेकून बसले आणि रक्ताला बोटानं शिवून पाहिलं. मग जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तो तुझा निरोप आहे. "लय लागलं का व? सारी गल्ली पाहून राह्यलती. बहीण पाहून राह्यलती. नाई मारलं असतं तं मले बायल्या म्हणले असते." बोट धोतराला पुसलं. "तू वावरात होती. माह्या बाजूच्या ओळीत. मले मालूम होतं न. मी बोललो असतो तं त्यायनं इचारलं असतं, मंग बुडीले मोकळी कोणं ठेवली? मीच ठेवली. तू बांधत होती तोवर जीती होती ते."

झालं. एवढंच होतं. या एवढ्याशा वाक्यासाठी तुझा सगळा जन्म पाणवठ्याच्या कडेला उभा राहिला. मी तोंडात पदराचा बोळा धरून ऐकत होते आणि मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. हलकं वाटलं नाही. दया आली नाही. गाव सगळं मेलं, आत्या मेली, तू मेलीस. हे वाक्य आता मी कोणाच्या दारात नेऊन ठेवू?

ते हळूहळू उठले, बाजेवर बसले. माझ्याकडे पाहत एक पाय पुढं केला. काटकीसारखा पाय, घोट्यावर निळ्या शिरा. "बांध," म्हणाले. "बांध न व. नाई तं जाईन मी. तो हाक मारून राह्यला आतून." कोण बोलत होतं कोणास ठाऊक, बाबा की आजी. आमच्या घरी विहीर नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की काही झालं तरी बांधू नका, आणि मी म्हटलं होतं, मी? मी मेले तरी बांधणार नाही, मी पाहिलं आहे ते. पण पाय पुढंच होता. मी तुझ्या लुगड्याचा काठ दातात धरायला गेले तर दात नव्हता, मग हातांनीच टरकावून पट्टी काढली. बाजेच्या पायाला एक गाठ मारली, घोट्याला दुसरी. ते आज्ञाधारक मुलासारखे बसून होते. गाठ बसल्यावर त्यांनी विचारलं, "रागावली का?"

मी तुझ्या वतीनं "हाव" म्हटलं. ते मान हलवून निजले. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं शांत निजलेलं पाहिलं नव्हतं.

तुझा जावई आला तेव्हा त्यानं पट्टी सोडली. माझ्याकडे पाहिलं, मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. आज सकाळी मी ड्रेस घालूनच ताट नेलं. बाबांनी हात जोडले, "पाप लागते पोरी" म्हणाले, आणि माझं तोंड सुजलेलं पाहून विचारलं, "कोणं मारलं तुले? नाव सांग फक्त." संध्याकाळी मला लुगडं नेसावं लागणार, जेवढं उरलं आहे तेवढं. हे पत्र तुझ्या पेटीत त्याच्या घडीत ठेवलं असतं, पण घडी घालण्याजोगं ते आता राहिलं नाही. म्हणून पिठाच्या डब्याखाली सरकवते, भाकरी करता करता मीच ते कधीतरी चुलीत घालेन.

निरोप पोचला असं समज. एक गोष्ट मात्र त्यात नाही, ती माझी आहे. चिंधी मी गुंडाळली नाही आई. आणि गाठीच्या आत दोन बोटं घालून पाहिली नाहीत. जागाच ठेवली नव्हती.